गॅलरीतले वाङ्मय

संपादकांनी या वर्षी माझ्याकडे कथा मागितली नाही, टीकालेख मागितला. मी कादंबऱ्या लिहितो आणि प्राथमिक शाळेत मुले शिकवतो. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. त्यामुळे टीकाकारांच्या पोतडीतले भारी शब्द माझ्या लेखणीतून सहजासहजी उतरत नाहीत. पण वीस वर्षे मुलांच्या निबंधांना तांबडी शाई लावीत आलो आहे. वाक्य मुलाच्या मनातले कोणते आणि उसने आणलेले कोणते, एवढे ओळखायला हात सरावला आहे. तेवढ्याच भांडवलावर मी आज एका वाङ्मयप्रकाराचे परीक्षण करणार आहे. त्याला लेखक नाही, प्रकाशक नाही, किंमत नाही. त्याची आवृत्ती नव्वद मिनिटांत संपते, आणि तरीही त्यातल्या काही ओळी माणसाच्या अंगाला जन्मभर चिकटून राहतात. फुटबॉलच्या मैदानावर गॅलरीतून उठणाऱ्या घोषणा, गाणी, शिट्ट्या आणि कठड्यावर पसरलेली फडकी यांविषयी मी बोलतो आहे.

यात कसले वाङ्मय, असे वाचक म्हणतील. पण ओवीही आधी जात्यावर होती, कागदावर मागाहून आली. हजारो माणसे एका श्वासात जी ओळ म्हणतात तिला लय असते, यमक असते, आणि अर्थही असतो. अर्थ असला म्हणजे त्याची जबाबदारीही कोणाची तरी असते. त्या जबाबदारीवर कोणी सही करीत नाही, एवढाच छापील वाङ्मयात आणि यात फरक.

या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला कसा आला, हे सांगितले पाहिजे. सांगताना बरे वाटत नाही, पण सांगतो.

शिक्षणासाठी मी कोल्हापुरात काकांकडे राहिलो. कोल्हापूरचा फुटबॉल ज्याने पाहिला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. तेथे संघ कंपन्यांचे नाहीत, तालमींचे आहेत. ज्या तालमीत आजोबांनी माती अंगाला लावली, त्याच तालमीचा रंग अंगावर चढवून नातू शाहू स्टेडियमवर उतरतो. पेठ म्हणजे संघ आणि संघ म्हणजे पेठ. सामन्याच्या दिवशी दुपारपासून मोटारसायकली निघतात, आणि गॅलरीत कोणी कोठे बसायचे हे न सांगता ठरलेले असते. मी आमच्या पेठेच्या बाजूला बसत असे. मला तेव्हा विसावे वर्ष लागले होते आणि यमके जुळवता येत होती.

समोरच्या संघाचा गोलरक्षक फार चांगला होता. आमच्या पोरांचे तीन निश्चित गोल त्याने एकाच सामन्यात अडवले. त्या रात्री कट्ट्यावर बसून मी दोन ओळी जुळवल्या. त्याचे नाव, त्याच्या वडिलांचा परंपरागत धंदा आणि त्या धंद्यातले एक हत्यार एवढ्या तीन गोष्टी त्या ओळींत होत्या. बाकी सर्व काम यमकाने केले. पुढच्या सामन्यात आमची बाजू ती घोषणा देऊ लागली. पहिल्यांदा शंभर जण म्हणाले, मग हजार. त्यानंतर मी तीन कादंबऱ्या लिहिल्या. पण माझे शब्द एवढ्या तोंडी एकाच वेळी पुन्हा कधी गेले नाहीत. अंगावर काटा उभा राहिला होता माझ्या! लेखक व्हायचे हे मी त्या संध्याकाळी ठरविले. ती घोषणा मी येथे छापणार नाही. पेठेचे, तालमीचे आणि त्या गोलरक्षकाचे नावही लिहिणार नाही.

आता कलकत्त्याकडे वळू. या वाङ्मयाची आपल्या देशातली काशी तेथे आहे.

आमच्या खानापूर-आटपाडीकडची माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. माझे दाजीही त्यातलेच. बहूबाजारच्या एका बोळात त्यांची गलाईची पेढी आहे, आणि वरच्या मजल्यावर थोरल्या बहिणीचा संसार. बहीण अजून गावाकडची चटणी मागवते, पण तिची मुले आपसांत भांडतात ती बंगालीत. त्यातही मुलगा मोहन बागानचा आणि मुलगी ईस्ट बंगालची. वर्गात ज्या बाकावर बसायला मिळाले त्या बाकाचा संघ त्यांनी उचलला. दाजी कोणत्याच बाजूचे नाहीत. "गिऱ्हाईक दोन्हीकडचं आहे, पाव्हणं," असे ते मला म्हणाले. मोहन बागान जिंकले की कोळंबी आणि ईस्ट बंगाल जिंकले की हिलसा, अशी तिकडची रीत आहे. आमच्या दाजींच्या गळ्यात तुळशीची माळ! त्यामुळे कोणीही जिंकले तरी त्या घरात पिठलेच शिजते.

या दोन संघांची गोष्ट थोडक्यात सांगतो. मोहन बागान १८८९ चा. २९ जुलै १९११ रोजी त्याने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात दोन विरुद्ध एक असे हरवले. अकरांपैकी एक सोडून सारे अनवाणी खेळले होते. त्या दिवशी मैदानावर राजकारण कोणी आणले नव्हते. ते आधीपासून तेथेच होते, बूट घालून उभे होते. पुढे १९२० साली ईस्ट बंगाल क्लब निघाला. पूर्व बंगालातून आलेल्या खेळाडूला डावलले, या रागातून तो निघाला. मग १९४७ साली फाळणी झाली. घरदार, शेत, तळे मागे टाकून लाखो माणसे कलकत्त्यात येऊन पडली, आणि तो क्लब त्यांचे हक्काचे अंगण झाला. मूळचे पश्चिम बंगालचे ते 'घोटी', पूर्वेकडून आलेले ते 'बांगाल'. घोटी म्हणजे आपला तांब्या. हे दोन्ही शब्द लाडाने म्हटले जातात आणि डिवचण्यासाठीही. कोणत्या सुरात, यावर सर्व अवलंबून.

येथे एक गंमत आहे, आणि टीकाकाराने ती हेरली पाहिजे. १९११ च्या त्या अकरांतले बरेच जण मूळचे पूर्व बंगालचे होते. मोहन बागानचा लाडका चुनी गोस्वामी जन्मला पूर्व बंगालातल्या किशोरगंजला. उलट, फाळणीनंतर ज्या ईस्ट बंगालच्या विजयांनी निर्वासितांचे डोळे पुसले त्याची पुढची फळी होती व्यंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह यांची. लोक त्यांना पंचपांडव म्हणत. हे पाचही जण दक्षिणेकडचे! म्हणजे संघ ज्या मातीचा म्हणून गॅलरी आरोळ्या ठोकते, त्या मातीचा तो पुष्कळदा नसतोच. संघ मैदानावर असतो. माती, जात, धर्म, प्रांत या गोष्टी गॅलरीत रचल्या जातात. गॅलरी ही खेळावर रचलेली कादंबरी आहे, असे म्हटले तरी चालेल.

तिसरा संघ महमेडन स्पोर्टिंगचा. त्याने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली. असा पराक्रम तोवर कोणा हिंदी संघाने केला नव्हता. पण मोहन बागानचा १९११ चा विजय साऱ्या देशाचा मानला गेला, आणि हा विजय मात्र पुष्कळांनी एका धर्माच्या खात्यावर मांडला. आपण मुंबईकरांनीही फार बोलू नये. हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ पाडून १९४६ पर्यंत क्रिकेट खेळवण्याची हौस आपलीच.

१९ जानेवारी २०२० चा मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना मी सॉल्ट लेकच्या मैदानावर पाहिला. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या वेगळ्या, त्यामुळे भाचा-भाची एकत्र बसू शकत नव्हती. भाचा त्याच्या मित्रांबरोबर गेला. मी भाचीबरोबर तांबड्या-पिवळ्या गर्दीत बसलो. साठ हजारांवर माणूस होते. नागरिकत्वाच्या कायद्यावरून डिसेंबरपासून देशभर वादळ उठले होते, कागदपत्रे कोणती दाखवायची याची घरोघर चर्चा होती. आणि ज्यांच्या आज्या-पणज्या नेसत्या वस्त्रानिशी आल्या, त्या लोकांत मी बसलो होतो.

कठड्यावर एक लांबलचक फडके उलगडले गेले. बंगाली लिपी देवनागरीची बहीणच, पण मला तिरक्या कोनातून एक अक्षर लागेना. भाचीला विचारले. ती म्हणाली, "मामा, लिहिलंय की ही माती आम्ही रक्त देऊन घेतलीय, कागद देऊन नाही." एवढे सांगून ती गप्प बसली. तिचे कोणीही पूर्व बंगालातून आलेले नाही. तिचे आजोबा आले ते विट्याहून, गलाईची मूस घेऊन. पण तिचा आवाज बसला होता.

सामना मोहन बागानने दोन विरुद्ध एक असा जिंकला. परतताना भाच्याच्या मित्रांनी आमच्याकडे पाहून एक शब्द उच्चारला आणि सगळे हसले. मी अर्थ विचारला. 'काटेरी तार.' सरहद्दीच्या कुंपणाखालून सरपटत आलेले, असा त्याचा भाव. माझी भाचीही त्यात आली. भाऊ हसला नाही, पण त्याने मित्रांना थांबवलेही नाही.

त्या रात्री मला झोप लागेना. एकाच संध्याकाळी, एकाच मैदानावर, एकाच विषयावरच्या दोन कृती मी पाहिल्या होत्या. एक फडक्यावरची, एक तोंडातली. दोन्हीही राजकीयच. मग एक ऐकून ऊर का भरून आला आणि दुसरी ऐकून किळस का आली? मैदानावर राजकारण नको, असे म्हणणारे सज्जन पुष्कळ आहेत. फुटबॉलच्या वरिष्ठ संस्थांचे नियमही राजकीय आणि अपमानकारक मजकूर एकाच कलमाखाली बसवतात. पंचाची शिट्टी दोघांसाठी एकच. पण टीकाकाराला अशी एकच शिट्टी वाजवून भागत नाही.

प्रथम मला असे वाटले की व्याकरणात उत्तर आहे. फडक्यावरच्या वाक्याचा कर्ता 'आम्ही' होता. तोंडातल्या शब्दाचा रोख 'तुम्ही'वर होता. जी ओळ स्वतःविषयी बोलते ती चांगली आणि जी दुसऱ्याविषयी बोलते ती वाईट, असा नियम मी वहीत लिहूनही ठेवला. मास्तरांना नियम आवडतात.

पण हा नियम ग्लासगोला जाऊन आपटतो. स्कॉटलंडमधल्या त्या शहरात सेल्टिक आणि रेंजर्स असे दोन संघ. सेल्टिक हा आयरिश कॅथलिक गरिबांना अन्न मिळावे म्हणून एका धर्मबंधूने १८८७ साली काढलेला. रेंजर्स हा प्रॉटेस्टंटांचा. रेंजर्सने कित्येक वर्षे जाणूनबुजून कॅथलिक खेळाडू घेतलाच नाही. १९८९ साली मो जॉन्स्टन याला घेतले तेव्हा त्यांच्याच काही पाठीराख्यांनी आपल्या संघाचे गळपट्टे जाळले. त्या गॅलरीतली जुनी गाणी मोठ्या अभिमानाने 'आम्ही'च म्हणतात. आम्ही कोण, आमचे बाप कोण, आम्ही कोणाच्या रक्तात उभे आहोत! म्हणजे 'आम्ही' हा शब्द सोवळा नव्हे. रक्त दोन्हीकडे आहे: कलकत्त्याच्या फडक्यावर ते स्वतःचे सांडलेले, ग्लासगोच्या गाण्यात दुसऱ्याचे.

तिथल्या सरकारने कायद्यालाच टीकाकार नेमून पाहिले. फुटबॉलच्या मैदानावरील आक्षेपार्ह वर्तनाचा खास कायदा २०१२ साली अमलात आला आणि २०१८ साली मोडीत निघाला. कोणते गाणे श्रद्धेचे आणि कोणते द्वेषाचे हे कलमात बांधता येईना. शिपायाच्या हातात काव्यशास्त्र देऊन भागत नाही, हा त्याचा धडा. पण काव्यशास्त्रवाल्यांनी गप्प बसावे, असाही त्याचा अर्थ नव्हे.

बार्सिलोनाचे उदाहरण याहून बोलके आहे. १४ जून १९२५ रोजी तिथल्या मैदानावर राष्ट्रगीताची धून वाजली तेव्हा प्रेक्षकांनी शिट्ट्या मारल्या. स्पेनमध्ये तेव्हा प्रीमो दे रिव्हेरा याची हुकूमशाही होती, कातालान भाषेची गळचेपी चालू होती. शिक्षा म्हणून सरकारने मैदानाला टाळे ठोकले. त्या शिट्टीत एक शब्द नव्हता, पण अर्थ सर्वांना कळला, सरकारला सर्वांत आधी. तिचा रोख मैदानावरल्या कोणत्याच खेळाडूवर नव्हता. जो मैदानाबाहेर, उंचावर, बंदोबस्तात बसला होता त्याला ती उद्देशून होती.

याच्या उलट लिव्हरपूलच्या जॉन बार्न्सची गोष्ट. १९८८ साली एव्हर्टनच्या मैदानावर या काळ्या खेळाडूच्या पायाशी कोणीतरी केळे फेकले. त्याने ते टाचेने सहज बाजूला सारले; ते छायाचित्र जगभर गाजले. त्यानंतर पस्तीस वर्षे लोटली तरी मे २०२३ मध्ये व्हॅलेन्सियाच्या मैदानावर व्हिनिसियस या ब्राझीलच्या खेळाडूला माकड म्हणून हिणवले गेले, आणि जून २०२४ मध्ये तिघांना त्याबद्दल आठ महिन्यांची कैद ठोठावली गेली. आपल्याकडे फार हळहळायचे कारण नाही. कोल्हापूरच्या संघांतही आफ्रिकेतले खेळाडू येऊन खेळतात, आणि गॅलरीतून त्यांच्या रंगावर काय काय ऐकू येते ते मी ऐकले आहे. केळे फेकणाऱ्याजवळ शब्दही नसतो. वाङ्मय संपते तेथे ते सुरू होते.

म्हणून वहीतला पहिला नियम मी खोडला आणि दुसरा लिहिला. राजकारण बोलते ते सत्तेशी, आणि सत्ता सहसा मैदानात धावत नसते. पूर्वग्रह बोलतो तो मैदानातल्या एका माणसाशी, किंवा शेजारून घरी जाणाऱ्या एका मुलीशी. त्या माणसाला त्या घटकेला उत्तर देता येत नाही, कारण त्याचे लक्ष चेंडूवर असते. हजारांनी एकाला बोलायचे, आणि त्याने ऐकायचे. असा हा पूर्वग्रहाचा कायमचा सरंजाम. म्हणून घोषणेची कसोटी एकच: ती ओळ गर्दी उठून गेल्यावर, एकट्याने, त्या माणसाच्या तोंडावर, त्याच्या डोळ्यांकडे पाहून म्हणता येईल का? रक्ताच्या फडक्यावरची ओळ भाची कोणासमोरही म्हणू शकली असती. 'काटेरी तार' म्हणणाऱ्या पोराला मी दुसऱ्या दिवशी दाजींच्या पेढीखाली गाठले तर त्याने मला वाकून नमस्कार केला.

बंगाली लेखकांनी हा विषय ओळखला आहे. मोती नंदी हे तिकडचे कादंबरीकार आणि क्रीडापत्रकार. त्यांच्या 'स्ट्रायकर' आणि 'स्टॉपर' या दोन फुटबॉलवरच्या कादंबऱ्या भाचीने मला संध्याकाळी वाचून अर्थासह सांगितल्या. 'स्ट्रायकर'मधल्या पोराचा बाप एके काळचा खेळाडू. मोठ्या सामन्यात हाताशी आलेला गोल त्याच्याकडून चुकला, आणि पैसे खाल्ले म्हणून त्याचा बोभाटा झाला. पुढे तो फुटबॉलकडे पाठ फिरवून, ओठ मिटून जगतो. गर्दीने एका दुपारी उच्चारलेला संशय त्या घरात वर्षानुवर्षे जेवायला बसतो. हे नंदींनी फार संयमाने दाखविले आहे, कोठेही गळा काढलेला नाही. माझी तक्रार एवढीच, की ते खेळाडूच्या घरातून गॅलरीकडे पाहतात. गॅलरीतल्या माणसाच्या घरी जात नाहीत. तो ओरडणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन काय जेवला, त्याला झोप लागली का, हे मला वाचायचे होते. कदाचित ते ओरडलेल्यानेच लिहायला हवे.

गॅलरीचा शेवट कोठवर जातो हे कलकत्त्याला माहीत आहे. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांचा सामना चालू असताना दोन खेळाडूंची झटापट झाली आणि ती गॅलरीत पेटली. मारामारी, मग पळापळ, मग चेंगराचेंगरी. सोळा माणसे मेली. तारखेकडे लक्ष द्या: १९४६ साली कलकत्त्याची भीषण कत्तल सुरू झाली ती १६ ऑगस्टलाच. आता दर वर्षी त्या दिवशी फुटबॉलप्रेमी रक्तदान करतात. पुन्हा रक्तच, पण या वेळी मागून घेतलेले नव्हे, दिलेले.

आणि तीच गॅलरी काय करू शकते हेही पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये कलकत्त्याच्या एका सरकारी रुग्णालयात तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. शहर रस्त्यावर उतरले. १८ ऑगस्टला ड्युरँड चषकात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना ठरला होता. बंदोबस्ताच्या कारणाने तो रद्द झाला. मैदानाला कुलूप, तिकिटे परत. तरी लोक आले. हिरवे-तांबडे आले, तांबडे-पिवळे आले, महमेडनचे काळे-पांढरेही आले, आणि सॉल्ट लेकच्या बाहेर पावसापाण्यात एकत्र उभे राहून न्याय मागू लागले. पोलिसांनी लाठ्या चालविल्या. एका संघाच्या पाठीराख्याच्या खांद्यावर दुसऱ्या संघाचा पाठीराखा बसला आहे, असे छायाचित्र दुसऱ्या दिवशी सर्वत्र दिसले. आमच्या घरची हकीकत बहिणीने फोनवर सांगितली. भाऊ-बहीण प्रथमच एका बाजूच्या गर्दीत उभी राहिली, आणि घरी येताना भाच्याच्या अंगात बहिणीचा तांबडा-पिवळा सदरा होता, कारण त्याचा भिजला होता. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, परराज्यांत बंगाली बोलणाऱ्या मजुरांना परदेशी ठरवून त्रास दिला जातो या रागाने, ईस्ट बंगालच्या गॅलरीने मातृभाषेसाठी पुन्हा फडके उलगडले. भाचीने मला ते छायाचित्र पाठविले. खाली भाच्याने लिहिले होते, "मामा, हे मलाही पटतं." 'काटेरी तार'वर न हसलेल्या, पण न थांबवलेल्या मुलाला एवढे म्हणायला साडेपाच वर्षे लागली. मला त्याहून जास्त लागली.

आता माझ्या त्या दोन ओळींकडे येतो. कसोटी काढायची आणि स्वतःचा पेपर तपासायचा नाही, हे मास्तरला शोभणार नाही.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी चौथीच्या वर्गावर होतो. मधल्या सुट्टीत चार मुले एका मुलाभोवती रिंगण धरून काहीतरी म्हणत होती. जवळ गेलो तर माझ्या ओळी! एक शब्द इकडचा तिकडे झालेला नव्हता. नाव मात्र गोलरक्षकाचे राहिले नव्हते. त्या धंद्याच्या कोणाही पोराला लावता येईल अशी ती घासून गुळगुळीत झाली होती. मी त्या चौघांना वर्गाबाहेर उभे केले. त्यांतला एक रडत म्हणाला, "गुरुजी, ही फुटबॉलची घोषणा आहे, सगळेच म्हणतात." आणि मधला मुलगा माझ्याकडे पाहत होता, गुरुजींनी आपली बाजू घेतली म्हणून कृतज्ञतेने पाहत होता. ती नजर मला अजून सहन होत नाही. ओळ कोणाची, हे मी त्या दिवशी वर्गात सांगितले नाही.

गेल्या वर्षी शाळेच्या कामासाठी कोल्हापूरला गेलो होतो. त्या गोलरक्षकाचे दुकान कोठे आहे हे मला इतकी वर्षे ठाऊक होते; त्या रस्त्याने मी जात नसे. या वेळी गेलो. तो आता सुटला आहे, केस पिकले आहेत, पण हात तेच, मोठे. मी नाव सांगितले, पेठ सांगितली, आणि मग ओळ कोणाची ते सांगितले. गर्दी नव्हती. दुकानात आम्ही दोघेच होतो. ओळ मात्र म्हणू शकलो नाही. माझी कसोटी मलाच लागली.

त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले. मग हातातले काम खाली न ठेवता म्हणाला, "तुमची होय ती? यमक झकास होतं, गुरुजी. आमच्या थोरल्या पोराला पाठ आहे."

त्याने चहा मागविला. मी तो प्यालो. पैसे द्यायला गेलो तर त्याने घेऊ दिले नाहीत. निघताना मी विचारले, पोरगा खेळतो का? तो म्हणाला, "नाही. मैदानावर जातच नाही तो."

परीक्षण येथे संपते. गुण देण्याची रीत आहे, म्हणून देतो: छंद शुद्ध, यमक उत्तम, कवी नापास.